नथूदादांचा साउंडबार

नथूदादा ठोंबरे कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. खणखणीत, एकच. मग मान तिरकी करून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "बोलकं घर हाय." नाहीतर, "मुकं हाय रं. नुसत्या गाद्याच भरल्यात." आमच्या वास्तुशांतीला भटजी संकल्प सांगत होते आणि दारातून टाळी आली. भटजी दचकून थांबले. दादा म्हणाले, "चालू द्या तुमचं. फक्त भिंतीपासून जरा पुढं सरका, शब्द मागं फिरतात." भटजी मुकाट्याने सरकले. दादांनी सांगितलं आणि समोरचा सरकला नाही, असं सहसा घडत नसे.

त्यांचा धंदा साउंडचा. कर्जतपासून खालापूरपर्यंत हळद असो, भंडारा असो की कबड्डीचे सामने, भोंगे नथूदादांचेच. मी शाळामास्तर, पण सुट्टीत सामन्यांना गुण लिहायला बसायचो, त्यामुळे आमची टेबलं शेजारी शेजारी असत. भोंगा बांधायला ते दुसऱ्या कुणाला झाडावर चढू देत नसत. स्वतः चढायचे, भोंग्याचं तोंड गावाकडे करायचे आणि वरूनच ओरडायचे, "शेवटच्या घरातल्या म्हातारीला ऐकू गेलं पायजे!" माणूस फुशारक्या मारणारा खरा, पण म्हातारीला ऐकू जायचं, हेही तितकंच खरं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली अशा मैदानांवर ॲम्प्लिफायरच्या पेटीवर बसूनच वाढली. पुढे कबड्डी खेळायला लागली, जिल्ह्याच्या संघात गेली आणि एका पकडीत गुडघा गमावून बसली. पोरीने जेवण सोडलं. वहिनी देवाला नवस बोलत होत्या. दादांनी तिच्या हातात माइक दिला आणि म्हणाले, "पाय बसला तर बसूंदे, तोंड तर चालतंय ना? सांग लोकांना काय चाललंय ते." ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. चढाई सुरू व्हायच्या आत ती तिचं अर्धं वर्णन करून मोकळी व्हायची. दोन-चार वर्षांत एका वाहिनीने तिला महिला कबड्डीच्या मराठी समालोचनासाठी मुंबईला बोलावून घेतलं. दादा मग रिक्षा स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत दिसेल त्याला थांबवायचे. "माझी पोरगी टीव्हीवर बोलते. तिचा आवाज आता भोंग्यातून नाय, उपग्रहातून येतो!"

सामन्याच्या संध्याकाळी त्यांच्या घरात आमची अख्खी आळी जमायची. दादा टीव्हीला नाक लावून बसायचे, मान डोलवायचे आणि सामना संपला की प्रणालीला फोन करायचे, "झकास! एक नंबर बोललीस." दर वेळी हेच. एकदा मी सहज म्हणालो, "दादा, आज तिने तुमच्या भोंग्याची आठवण सांगितली, ऐकलंत ना?" ते हसले आणि म्हणाले, "हां, रेफरीची बरी जिरवली." रेफरीचं नावही तिने काढलं नव्हतं, हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. मग त्यांनी मला ओट्यावर नेलं.

"मास्तर, कुणाला बोलू नका. पोरीचा आवाज येतो, पन शब्द नाय येत. लोकं ओरडाय लागली का सगळी खिचडी व्हते." मग म्हणाले, "जगाला कळतंय ती काय बोलते ते, आन बापालाच कळंना."

कान वयाने मंदावले होते. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र कपाटात पडून होतं, कारण ते लावलं की पंखाही ओरडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात घरात आलेला नवा टीव्ही पुठ्ठ्यासारखा पातळ, त्याचे स्पीकर पाठीमागे. त्यावर दादांचा राग होता. "भिंतीकडं तोंड करून कोन बोलतं का रं?"

शेवटी साउंडबार घ्यायचं ठरलं. कर्जतला अन्वरभाईंच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दादांनी टाळी वाजवली, दुकान पसंत केलं आणि तिथला सगळ्यात लांबलचक साउंडबार निवडला. सोबत छाती हादरवणारी एक धमधम पेटी. अन्वरभाई त्यांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "दादा, हा हळदीत नाचायला बरा. तुमाला बोलणं ऐकायचं हाय ना? मग धमधम कमी अन् मधला आवाज साफ, असा घ्या." झालं! चाळीस गावांत आवाज पोचवणाऱ्याला आवाज शिकवायचा? दादांनी तोच मोठा साउंडबार उचलला.

घरी आणून त्यांनी तो कसा लावावा? सवयीप्रमाणे थेट माळ्यावर, सुंभाने करकचून बांधून, तोंड खिडकीतून गावाकडे. धमधम पेटी ओट्यावर. सामना सुरू झाला आणि फळीवरची ताटं थरथरायला लागली. आळीतली माणसं खूश झाली, पलीकडच्या वाडीवरून लोक आले. मैदानातला गलका सगळ्या गावाला ऐकू गेला आणि त्या गलक्यात प्रणाली पार बुडून गेली. दादांनी फोन लावला. "झकास," ते म्हणाले, पण त्या दिवशी "एक नंबर" काही तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावजी, ह्ये जेवलं नाय. पोरीचा आवाज गेला म्हंत्यात. तिचा कुटं गेलाय? तुमी जरा सांगा त्यांना."

मी गेलो. दादा माळ्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "दादा, तुम्ही अजून गावालाच ऐकवताय. इथं ऐकायचंय तुम्हाला. तुम्ही कधी स्पीकरच्या समोर बसलात का?" ते म्हणाले, "नाय बसलो. कायम मागंच उभा व्हतो." जन्मभर दुसऱ्याच्या कानाचा विचार केलेल्या त्या माणसाचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. उठले, स्वतः सुंभ सोडलं आणि खोकं घेऊन दुकान गाठलं. भर गिऱ्हाइकांत अन्वरभाईंना म्हणाले, "तुझं बरोबर व्हतं. माझं चुकलं." अशी कबुली देणारे फुशारकीखोर मी फार पाहिले नाहीत.

आता त्यांनी निवड केली ती बघण्यासारखी. प्रणालीचं समालोचन असलेल्या एका जुन्या सामन्याची चित्रफीत अन्वरभाईंनी एकेका साउंडबारवर लावायची. दादा टीव्हीकडे पाठ करून स्टुलावर बसले, म्हणजे चित्र बघून अंदाज बांधायला नको. जे ऐकू येईल ते मला म्हणून दाखवायचं, मी हो-नाही सांगायचं. "फसवायचं नाय, मास्तर." दोन साउंडबारवर मला नुसतं "नाही, नाही"च सांगावं लागलं. तिसरा आखूड होता, त्यात बोलण्यासाठी मधोमध वेगळा स्पीकर होता आणि रिमोटवर नुसतं बोलणं उचलून धरणारं बटण. दादा पुटपुटायला लागले, "डावा कोपरा सावध... पाय मागे घेतला... सुटली!" मी हो म्हणालो. पुन्हा हो. गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकत उभी होती. दादांनी वळून बघितलं नाही, फक्त गमछा डोळ्यांना लावला.

हा साउंडबार माळ्यावर गेला नाही. टीव्हीच्या खाली, बसल्यावर कानाच्या उंचीला लागला. त्याच्या पुढ्यात येणाऱ्या प्रणालीच्या ढाली आणि कप दादांनी स्वतः हलवले. पुढच्या सामन्याला आळी जमली तेव्हा ते उठले आणि खिडकी लावून घेतली. "बाहेर आवाज जाऊं दे की दादा!" कुणीतरी कुरकुरलं. दादा म्हणाले, "आज कुणाला पोचवायचा नाय. गप बसा."

ते चाळीस मिनिटं मान न डोलवता बसले. नंतर फोन स्पीकरवर लावला. आम्ही "झकास"ची वाट बघत होतो.

"प्रणाली, दुसऱ्या डावात तू बोनस म्हणालीस. मैदानात पाचच पोरी व्हत्या. बचावाला सहा नसल्यावर बोनस कुटला?"

वहिनींनी दादांना कोपराने ढोसलं, पोरगी दुखावली असं त्यांना वाटलं. मग फोनमधून हुंदक्यासारखं काहीतरी आलं.

"बाबा, तुमाला ऐकू आलं?"

"मंग?" दादा छाती काढून आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाले, "मी काय बहिरा हाय?"

दादा आता नाहीत. पण जाईपर्यंत दर सामन्यानंतर त्यांनी प्रणालीची एक तरी चूक काढली, आणि ती ऐकल्याशिवाय पोरगी स्टुडिओतून निघत नसे.