किटलीचा कोरा काठ

चहा ओतला की ते कपाकडे बघत नसत. किटलीच्या चोचीखाली बोट धरून म्हणत, "थांबा, आधी थेंब बघू." धार तुटल्यावर थेंब ओघळला, तर ती किटली घरात राही. चोच कोरडी राहिली, तरच दुकानात जाई. तोवर चहा निवलेला असे. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल, ज्याच्याकडे चहाला जाताना घरून पिऊन जावं लागतं.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत ते शेवटच्या खोलीत राहत. ते कामाला होते तो चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते पन्नाशीला आले होते. मागच्या पडवीत त्यांनी विजेची लहान भट्टी बसवली आणि हाताने किटल्या घडवायला लागले. मी हिशेबी माणूस. म्हणालो, "अहो, बशा करा. किटलीला पोट, चोच, कान, झाकण. चार ठिकाणी बिघडू शकते."

"म्हणून तर कोणी करत नाही ना," ते म्हणाले.

मेहुण्याने वसईच्या एका गोदामात त्यांच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. बिऱ्हाडही तिथेच हलवायचं. एवढ्यात घाटकोपरच्या दुकानाने पहिल्यांदाच किटल्या मागितल्या. त्या नीट निघाल्या तर हाच धंदा, नाहीतर सोमवारी मेहुण्याला होकार, असं नवरा-बायकोत ठरलं.

रविवारी सकाळी भट्टी बंद करून निवत ठेवली होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यांची म्हातारी आई, मालवणकडची, लसूण सोलता सोलता म्हणाली, "किटल्यांचे काठ कोरेच ऱ्हवले होते रे. काल मिया लेप लावलंय."

त्यांचा चेहरा उतरला. किटली झाकणासकट भाजतात, म्हणजे दोन्ही सारखीच आकसतात. झाकण जिथे टेकतं तो काठ मुद्दाम कोरा ठेवायचा असतो. तिथे काचेचा लेप लागला, तर तो वितळून झाकण कायमचं चिकटतं.

"आये, तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? अर्धवट दिसत होता."

गरम भट्टी उघडली तर माल तडकतो. संध्याकाळपर्यंत थांबणं भाग होतं. वहिनींनी माळ्यावरची ट्रंक काढून पुसली. "वसईला मासे चांगले मिळतात," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दार उघडलं. त्यांनी पहिल्या किटलीच्या झाकणाची बोंडी धरली आणि सोडली. "तुम्ही उचला," मला म्हणाले.

मी उचललं. झाकण सहज हातात आलं. दुसरं आलं, तिसरंही आलं. काठावर पांढरी भुकटी होती. त्यांनी ती बोटावर घेतली, चोळली आणि आईकडे वळले.

"आये, खयच्या डब्यातला लावलंस?"

"दाराकडच्या."

दाराकडच्या डब्यात लेप नव्हताच. भांडी भट्टीच्या फळ्यांना चिकटू नयेत म्हणून फळ्यांना फासायचं मातीचं पाणी होतं. दिसायला दोन्ही दुधासारखी. ते हसायला लागले, मग वहिनी, मग मीही. आई म्हणाली, "हसतास काय? काम नीट झाला ना?"

पुढे पडवी पुरेना, तेव्हा त्यांनी डोंबिवलीला मोठी जागा घेतली. निघायच्या दिवशी वहिनी आणि आई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, ते मागे भट्टीला कवटाळून.

"सांभाळ रे, पडशीत," पुढून आई ओरडली.

"धरलंय, आये."

आम्ही सगळे रस्त्यापर्यंत गेलो, हात हलवत उभे राहिलो. टेम्पो कोपऱ्यावर वळला. त्यांनी मान हलवून निरोप घेतला, पण भट्टीवरचा हात काही काढला नाही.