तिच्या वतीने सून बोलायची

भूतखेत, करणी, उतारे... या सगळ्याबद्दल माझं मत एका ओळीत मावतं: नमुना लहान, सांगणारा उत्साही. या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. त्यामुळे स्वतःचा लिहिताना जरा लाज वाटतेय. पण लिहिते.

मी अमरावतीत बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करते. म्हणजे डॉक्टर संशोधन करतात, आणि त्यातून खरंच काही सिद्ध झालं का, हे आम्ही तपासून सांगतो. बहुतेकदा झालेलं नसतं. आमच्या विभागाचं उद्घाटन म्हणे फार थाटात झालं. समई, शाल-श्रीफळ, 'आकडे बोलतात' या विषयावर पाहुण्यांचं लांबलचक भाषण. पाहुणे गेले, समई ज्यांची होती त्यांच्याकडे परत गेली. आम्हाला दोन खोल्या आणि एक पंखा उरला.

शिक्षणाचा भाग म्हणून माझ्याकडे लकव्याच्या रुग्णांचा एक अभ्यास आहे. दर महिन्याला फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे. शब्द बदलायचा नाही. काल जेवलात का? स्वतःच्या हाताने? या आठवड्यात घराबाहेरचं कोणी भेटायला आलं? ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्या वतीने घरचं माणूस उत्तर देतं. त्याला आम्ही 'प्रॉक्सी' म्हणतो.

अकोल्याच्या गुंफाबाई त्यांपैकी एक. उजवी बाजू गेलेली, बोलणं पार बंद. उत्तरं द्यायची त्यांची सून, वनिताताई. त्या घरीच ब्लाऊज शिवतात. फोन स्पीकरवर टाकून खाटेवर सासूजवळ ठेवायच्या आणि मशीन चालवत बोलायच्या.

"बाहेरचं कोणी भेटायला आलं होतं?"

"कोन येते मॅडम? तुमचाच फोन येते तेवढा."

"तो धरत नाहीत, ताई."

"धरत नाहीत? मंग लिहा, कोनी नाही."

मी लिहायचे. हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मीही तेच लिहिलं असतं. मी मूळची अकोल्याचीच. पण आई-बाबा गेले, घर विकलं, आणि गावात हक्काने चप्पल काढावी असं दार उरलं नाही. अमरावतीत एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली आहे. पूर्ण आठवडा मी शेकडो माणसांच्या आयुष्याचं विश्लेषण करायचे आणि रविवारी दूधवाल्याशी बोलायचे.

दिवाळीच्या तोंडावर मला ताप आला. वर्गातल्या मुली गावी गेलेल्या, घरमालक मुलीकडे. खालच्या मजल्याला कुलूप. मी पॅरासिटॅमॉल घेऊन पडून राहिले. मग एका दुपारी ताप उतरला. चला, सुटले, असं वाटलं. फक्त उठवत नव्हतं... आणि उठायचं कारणही सापडत नव्हतं.

तेव्हा फोन वाजला. वनिताताईंचा नंबर. वाटलं, गुंफाबाईंचं काही कमीजास्त झालं.

"काल जेवली का वं?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. खरखरीत, पण ठाम.

"कोण?"

"जेवली का, इचारून राहिली मी. सोताच्या हातानं?"

"...नाही."

"बाहेरचं कोनी आलं होतं का तुयाकडे?"

माझेच प्रश्न. त्याच क्रमाने. फक्त आमच्या वऱ्हाडीत. मी आज्ञाधारक रुग्णासारखी म्हणाले, "कोणी नाही."

मग ती आमच्या यादीत नसलेलं बोलली. "दाताले रक्त लागून राहिलं का, पाह्य बरं."

मी हिरडीवरून बोट फिरवलं. बोट लाल.

"उठ. दवाखान्यात जाय. सांजेची वाट नको पाहू, पोरी."

फोन बंद.

भिंत धरत खाली उतरले, ऑटो केली. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स फार खाली. डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला म्हणजे बरं वाटलं ना? तीच खरी धोक्याची वेळ असते. संध्याकाळपर्यंत झोपून राहिल्या असत्या, तर कठीण होतं."

सलाईन लागलेल्या हाताने मी वनिताताईंना फोन केला. "मघाशी तुमच्याकडून कोण बोललं?"

"मी तं बाजारात होती मॅडम, ब्लाऊज पोचवाले. बुढीले भजनं लावून देल्ती फोनवर. बाहेरून कडी घातली होती... काहून, काय झालं?"

त्यांच्या फोनमध्येही तो कॉल दिसत होता. त्यांनी त्याची वेळ दोनदा वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "मॅडम, लकव्यापासून बुढीनं मलेही कधी हाक नाही मारली."

माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तापात भास होतात."

"ताप उतरला होता, सर."

"मग अशक्तपणात होतात." सरांकडे प्रत्येक निष्कर्षाला पर्यायी स्पष्टीकरण तयार असतं. मला त्यांनीच ते शिकवलं. मीही करून पाहिलं. गुंफाबाईंच्या डाव्या हाताने चुकून नंबर लागला असेल. मान्य. हिरडीतलं रक्त मला आतून जाणवत असेल आणि मनाने त्याला आवाज दिला असेल. तेही मान्य. पण एका बंद घरातून दुसऱ्या बंद घरात, नेमक्या त्याच दुपारी, नेमका मलाच फोन... इथे माझं गणित संपतं.

बरी झाल्यावर अकोल्याला गेले. गुंफाबाई एवढ्याशा आहेत, हे फोनवर कळलं नव्हतं. मी खाटेशी बसले. "आजी, तुम्हीच होत्या का?" त्यांनी तोंड उघडलं. "ब... ब..." एवढंच. डावा हात उचलून माझ्या दंडावर ठेवला, दाबून पाहिला, जसं बाजारातलं वांगं पाहतात.

"लय वाळली, म्हनून राहिली ते," वनिताताई म्हणाल्या. प्रॉक्सीच त्या.

अभ्यास अजून चालू आहे. दर महिन्याला प्रश्न संपले की मी वनिताताईंना मशीन थांबवायला सांगते. तिकडे फक्त श्वास ऐकू येतो. मी काय खाल्लं, कोण भेटलं, ते सांगते. आता सांगण्यासारखं असावं म्हणून अधूनमधून कोणाला तरी भेटतेही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि आताशा शोधतही नाही. बोलणं संपतं, उत्तर येत नाही. तरी फोन लगेच ठेववत नाही.