मावेल तेवढी हवा

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेखासाठी मला तीनदा चिठ्ठी पाठवली. तिन्ही वेळा मी "उद्या देतो" असे कळवले आणि सायकल काढून हेब्बाळच्या तळ्यावर बगळे बघत बसलो. लिहिता येत नाही असे नव्हे. माझी सातवी एवढ्याला पुरते. पण आमच्या काचकामशाळेचे प्रमुख श्री. वामनराव हुदलीकर, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांच्याविषयी खरे लिहायचे तर माझी एक गोष्ट सांगावी लागते. ती मी टाळत होतो.

बेळगाव म्हैसूर राज्यात आले त्याच्या पुढच्या वर्षी मी घर सोडले. एका तंबूतल्या सिनेमाबरोबर हुबळी, दावणगेरे करीत बंगळुरात आलो आणि मल्लेश्वरमला एका सायकलच्या दुकानात लागलो. एका सकाळी एका गृहस्थांच्या चाकात दगडासारखी हवा भरून दिली. दुपारी ते भर उन्हातून फाटकी ट्यूब आणि सायकल ढकलत परत आले.

"सकाळी हवा कोणी भरली?"

मालक माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मी."

"किती भरलीस?"

"मावेल तेवढी."

ते हसले. "मावेल तेवढी सकाळची. उन्हात तीच हवा फुगते, तिला जास्त जागा लागते. ती कोण देणार, तुझा मालक?" मग थोडे थांबून म्हणाले, "'मी' म्हणालास, ते बरं केलंस. उद्या माझ्याकडे ये." अण्णांची आणि माझी ही पहिली भेट.

संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना लागणारी काचेची उपकरणे अण्णा ज्योतीवर फुंकून घडवतात. त्यांच्या हातचा जोड बोटाला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या कामशाळेचा एक रिवाज आहे. शेवटचे तोंड ज्योतीवर बंद करण्यापूर्वी त्या तोंडातून फुंकायचे. दुसऱ्या टोकाशी साथीदाराने तळहात धरायचा. अण्णा विचारतात, "गाळी बंतु?" म्हणजे वारा आला का? हाताला वारा लागला तरच "बंतु" म्हणायचे. कारण आतली हवा तापून फुगली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर मऊ झालेली काच फोडून ती वाट करते.

अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, मला तीन वर्षे दुपारचे जेवू घातले. त्यांच्या तव्यावरची एखादी भाकरी फुगली नाही की अण्णा म्हणत, "बघ, कुठंतरी भोक आहे." अक्का म्हणत, "भोक राहू दे. आधी दोघं गिळा, मग शिका!"

आता ती गोष्ट. विमलाबाई नावाच्या संशोधक हवेच्या उष्णतामापकावर काम करीत. काचेच्या फुग्यात कोंडलेली हवा उष्णतेने किती रेटा देते, त्यावरून उष्णता मोजायची. तो फुगा अण्णांनी दोन महिने खपून केला. धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या नळीला मी बूच लावले होते. शेवटचे तोंड बंद करायच्या दिवशी नळीशी हात माझा होता आणि डोळे खिडकीबाहेर. जांभळाच्या झाडावर घारीने घरटे मांडले होते.

"गाळी बंतु?"

"बंतु," मी न बघताच म्हणालो.

ज्योतीखालची काच फोडासारखी फुगली आणि फुटली. तडा पार फुग्यात गेला. विमलाबाई समोरच उभ्या होत्या.

"हुदलीकर, तुमच्या हातून?"

अण्णांनी नळीत तसेच राहिलेले बूच पाहिले, माझ्याकडे पाहिले. 'मी' म्हणायचे सोडून मी काचा वेचू लागलो. ते म्हणाले, "माझ्या बाकावर फुटलं बाई, म्हणजे माझ्याच हातून."

बाई गेल्या आणि पुढची काच त्यांनी मद्रासहून मागवली. संध्याकाळी अण्णांनी बूच माझ्या हातावर ठेवले. "ठेव," एवढेच. दुसऱ्या दिवशी नळीशी पुन्हा मलाच उभे केले. पण त्या फुग्यासाठी कापूस घालून ठेवलेली पेटी चार वर्षे फळीवर रिकामी आहे, आणि अण्णा ती दर शनिवारी पुसतात. ज्यांच्या कामावर कोणी बोट ठेवू शकले नाही, त्यांच्या नावावरचा तो एक तडा माझा आहे. तो माझ्या नावावर लिहावा, एवढ्यासाठी हा लेख.

अण्णांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची फुंकर अशीच सावकाश आणि लांब चालू राहो, छातीत दम आणि बोटांत स्थिरता राहो, आणि अक्कांच्या भाकऱ्या त्यांना शंभरीपर्यंत मिळोत.

हे कामशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लिहीत होतो, तोच दार वाजले. विमलाबाई आल्या आहेत. चार वर्षांनी! हातात तडकलेली नळी आहे.

"हुदलीकर, मद्रासची काच गेली. तुम्ही बघाल का?"

"बघतो की," अण्णा स्टूल पुसताहेत. "आधी स्वल्प कॉफी घ्या."

संपादकमहाशय, लेख छापून येईपर्यंत आता थांबवत नाही. बूच खिशात आहे. ते बाईंच्या हातावर ठेवून 'मी' म्हणायला निघालो.