पहिल्या चहाचा फोन

धोंडिरामने बांधलेला माल रस्त्यात हलत नाही, ही गोष्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सर्वांत जास्त खुद्द धोंडिरामला ठाऊक होती. चाळीस वर्षं त्याने उघड्या ट्रकवर ताडपत्री ओढली आणि तिच्यावरून दोर आवळला. आवळून झालं की मालावर एक थाप मारायची आणि ड्रायव्हरला म्हणायचं, ‘सोड.’ ती थाप पडल्याशिवाय शरणप्पा गिअर टाकत नसे.

शरणप्पा अक्कलकोटकडचा ड्रायव्हर. घरात कानडी, रस्त्यावर मराठी. दोघांची दोस्ती बावीस वर्षांची. धोंडिरामची त्याला एकच ताकीद होती: वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर माल बसतो, बांधणी सैल पडते, म्हणून पहिल्या चहाला उतरून माल बघायचा आणि फोन करायचा. शरणप्पा न चुकता फोन करी. “बघितलं. घट्ट हाय,” एवढं बोलून ठेवून देई. तो फोन येईपर्यंत धोंडिरामला जेवण गोड लागत नसे.

गेल्या वर्षी शरणप्पाच्या मालकाने पडद्याची गाडी घेतली. दोन्ही बाजूंना जाड कापडाचे पडदे, खाली ओळीने बकलं. पडदा धूळ अडवतो, पाऊस अडवतो, माल मात्र अडवत नाही. मालाला आत वेगळे पट्टे आवळावे लागतात. धोंडिराम हे दोन दिवसांत शिकला आणि तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्यांना शिकवू लागला, एवढा त्याचा तोरा. पण हात कुठे एवढ्यात शिकतात? हातांना चाळीस वर्षांची सवय होती, आधी झाकायचं आणि मग आवळायचं. इथे सगळं उलटं होतं.

त्या मंगळवारी सकाळी भिवंडीला बीम जायचे होते. बीम म्हणजे सूत गुंडाळलेले लोखंडी रूळ, एकेक अडीचशे किलोचा. धोंडिरामने बुडाशी लाकडी पाचरी ठोकून पट्टे आवळले. तेवढ्यात सुपरवायझर बसलिंगप्पाने आणखी दोन बीम आणवले. जागा करायला धोंडिरामने डावीकडचे पट्टे सोडले आणि चार पाचरी काढून माल चढवायच्या धक्क्यावर ठेवल्या. बीम चढले. त्याच वेळी वावटळ उठली, आणि सुतावर धूळ नको म्हणून बसलिंगप्पाने स्वतःच पडदा ओढून घेतला. पडदा समोर आला नि धोंडिरामचे हात आपसूक खाली गेले. एकेक बकल त्याने दात-ओठ खाऊन आवळलं. मग थाप मारली. “सोड!”

वीस मिनिटांनी तो धक्क्यावर डबा सोडायला बसला. शालनने, त्याच्या बायकोने, दिलेली भाकरी मोडली आणि समोर बघितलं. चार पाचरी ओळीने पडल्या होत्या.

घास हातातच राहिला. पाचरी इथे, म्हणजे पट्टेही सुटलेलेच! डावीकडचे सगळे बीम आता नुसत्या कापडावर रेलले असणार. आणि अर्ध्या तासात शरणप्पा चहाला थांबणार, पडद्यापुढे उभा राहून एकेक बकल सोडणार. कशाला? तर धोंडिरामने सांगितलंय म्हणून. चांगली शिकवण दिली होती त्याने, आणि तीच आता माणसाच्या अंगावर कोसळणार होती.

त्याने फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. गाडी चालवताना शरणप्पा फोनला हात लावत नाही, याचं कौतुक धोंडिरामनेच चार लोकांत केलं होतं. मग त्याने मल्लव्वाला, शरणप्पाच्या बायकोला, फोन केला.

“वैनी, त्याचा दुसरा नंबर हाय का?”

“न्हाय की वो भावजी. का? काय झालं?”

काय सांगणार? तुझ्या नवऱ्याला मी मारायला पाठवलंय म्हणून?

“काय न्हाय. असंच,” तो म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

गेटवर गाड्या आत-बाहेर सोडणाऱ्या सिद्धेश्वरीकडे स्कूटी होती. धोंडिराम धावत तिच्याकडे गेला. “पोरी, शरण्या मरंल. चल,” एवढंच त्याला बोलता आलं. तिने पुढचं विचारलं नाही. पुणे रोडला लागेपर्यंत प्रत्येक सिग्नल त्यांच्या वाइटावर होता. मागे बसून धोंडिराम फोन लावत होता, कापत होता, पुन्हा लावत होता. रस्त्यात कुठे गर्दी दिसली की मान उंच करून तो पडद्याची गाडी शोधी. एकदा तो मोठ्याने रडला.

“मामा, नीट धरून बसा की!” सिद्धेश्वरी ओरडली.

पुढचं मोहोळ गाव अजून दूर होतं, तोच फोन वाजला. शरणप्पा.

“बघितलं. घट्ट हाय.”

खोटं, हे धोंडिरामला तिथेच कळलं. बघितलं असतं तर हा माणूस बोलायला उरला नसता.

“शरण्या! कुटं हाईस तू?”

“आपल्या हाटेलात की. गाडीच्या सावलीला चा पितोय.”

“कुटल्या बाजूला?”

“डावीकडं. का रे?”

“ऊठ! पळ तितनं! पडद्याला हात लावू नगंस, पळ म्हणतो ना!”

कप फुटल्याचा आवाज आला, मग नुसता वारा. मग धापा. घाबरला की त्याच्या तोंडी कानडी येई. “येनप्पा! काय झालं काय तुला?”

दहा मिनिटांनी ते पोचले. शरणप्पा रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभा होता. गाडीचा डावा पडदा पोट सुटल्यासारखा फुगला होता आणि खालचं एक बकल उघडं पडलं होतं. त्या बकलासमोरच शरणप्पाचं प्लास्टिकचं स्टूल तसंच होतं. क्रेन येईपर्यंत त्यांनी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

“आज मी बांधलं नव्हतं,” धोंडिराम म्हणाला. “इसरलो. नुसता पडदा आवळला.”

शरणप्पा फुगलेल्या पडद्याकडे बघत राहिला.

“आन् तू बघितलं म्हणालास,” धोंडिरामने विचारलं. “बावीस वर्सांत कितीदा बघितलंस?”

“पैल्या साली बघत हुतो. मग सोडलं.” शरणप्पाने मान खाली घातली. “तू बांधलेलं काय बघायचं?”

यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर धोंडिरामला सोसल्या असत्या.

दोस्ती तुटली नाही. शरणप्पाने बसलिंगप्पाला काही सांगितलं नाही. धोंडिरामनेच सांगितलं आणि बोलणी खाल्ली. आता पडदा ओढण्याआधी शरणप्पा स्वतः आत चढतो, एकेक पट्टा ओढून बघतो, पाचरींना लाथ मारतो. धोंडिराम बाजूला उभा राहतो. थाप मारायचं त्याने सोडून दिलंय.

पहिल्या चहाचा फोन मात्र अजून येतो.

“बघितलं,” शरणप्पा सांगतो. “डावीकडचा तिसरा पट्टा जरा सैल हुता. आवळला.”

“बरं केलंस,” धोंडिराम म्हणतो, आणि न जेवताच डब्याचं झाकण लावून टाकतो.