यशोधराबाईंची ताठलेली पाठ

यशोधराबाईंनी आणि मी सोनईजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत नऊ वर्षं एकत्र शिकवलं. त्र्याण्णव साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांना साखरेचा आजार निघाला. अंगानं काटकुळ्या, गोडाची आवड नाही. तरी गोळ्यांनी भागेना आणि दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यायची पाळी आली. घरात फ्रीज नव्हता, म्हणून बाटली माठाला लागून ओल्या फडक्यात. हेही त्यांनी मुकाट्यानं अंगवळणी पाडून घेतलं.

पुढच्या वर्षी पाठ धरायला लागली. मग पोट, मग पाय. पोटाला हात लावला तर फळी लागावी तसं. अचानक आवाज झाला की सगळं अंग एकदम ताठ. शाळेची घंटा मीच वाजवायची. एकदा मी टोल दिला आणि बाई वऱ्हांड्यात उभ्याच्या उभ्या कोसळल्या. हात पुढे करायलाही जमलं नाही. ओठ फाटला. त्या दिवसापासून मी वर्गावर्गात जाऊन सुट्टी झाल्याचं सांगायला लागले.

एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचं आहे. गावात कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. वर्षभर बाई असंच ऐकत राहिल्या. शेवटी त्यांचे मालक सहादेवभाऊ यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि आम्ही तिघं एसटीनं पुण्याला गेलो. गाडीचा हॉर्न वाजला की बाई माझं मनगट आवळून धरत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना सहादेवभाऊ म्हणाले, “मॅडम, मनाचं आसंल तर झोपंत ही सैल कशी पडती? जागी झाली की पुन्यांदा लाकूड.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “साखर आहे का यांना?”

रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. अहवाल यायला दोन महिने गेले. मग त्यांनी समजावून सांगितलं: मेंदू स्नायूंना ‘सैल सोडा’ असा निरोप एका रसायनातून देतो, त्याचं नाव गाबा. ते तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मेंदूत असतं, तसंच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतही असतं. “तुमचं शरीर त्या विकरालाच शत्रू समजतंय. ही गोळी झोपेच्या गोळीच्या जातीतली. उरलेल्या गाबाचा निरोप ती जोरात पोचवते.”

“मग साखरेवर का नाही चालत ही?” यशोधराबाईंनी विचारलं. “शत्रू तर एकच ना?”

“तिथल्या पेशी बहुतेक मेल्यात. अशा पेशी मरण्याआधीच वाचवता येतील का, यावर काम चाललंय. हेच विकर वेळेत टोचलं तर उंदरांचा मधुमेह टळतो, असं दिसलंय. माणसांसाठी अजून काही नाही.”

“उंदरांचं बरं झालं,” बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

गोळी लागू पडली. आठवडाभरात त्या वाकून स्वतःच्या चपलेचा पट्टा लावायला लागल्या. पण डोस वाढला तशी गुंगीही वाढली. खुर्चीत बसून शिकवताना मान कलायची. ती गोळीची गुंगी की साखर उतरलेली, हे मला कधी कळलं नाही. मी आधी त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घालायची आणि मग हाक मारायची. सत्त्याण्णवमध्ये त्यांनीच मुदतीआधी निवृत्ती मागून घेतली.

नंतर एकदा घरी गेले, तेव्हा त्या अंगणात बाजेवर पडल्या होत्या.

“दुखत नाही आता फारसं,” म्हणाल्या. “पण बाई, बघा ना, सुई, गोळी, जेवण, पुन्हा सुई. दिवसभर स्वतःवरच पहारा द्यायचा. जीव थकतो.”

सहादेवभाऊंनी बिनसाखरेचा चहा आणला. “पडू द्या तिला, तुमी बसा,” ते हळू आवाजात म्हणाले. बोलता बोलता दोनदा बाईंचा डोळा लागला. दोन्ही वेळा आवाज नको म्हणून मी कप हातात धरून तशीच बसून राहिले.