हातमोजा कधी फाटला

छापखान्यात तिला सगळे मावशी म्हणायचे. मालकसुद्धा म्हणायचे, आणि मालक तिच्याहून सहा वर्षांनी मोठे होते. सत्तावीस वर्षं ती बाइंडिंग खात्यात होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालायच्या, सोळा-सोळा पानांचे फर्मे ओळीनं जुळवायचे, पाठीला गोंद लावून वर कव्हर चढवायचं, हे तिचं काम. फर्मे उलटसुलट लागू नयेत म्हणून प्रत्येकाच्या घडीवर एक काळा चौकोन छापलेला असतो, आधीच्यापेक्षा थोडा खाली सरकवलेला. सगळे फर्मे नीट लागले की पुस्तकाच्या पाठीवर चौकोनांचा जिना दिसतो. जिना मोडला की समजायचं, पुस्तक बिघडलं. मावशीला मोडका जिना दहा फुटांवरून कळायचा, आणि तो लावणाऱ्याची मग धडगत नसायची.

हे झालं पोटापाण्याचं. जिवाभावाची गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे कॉमिक्स. उडणारी माणसं, पोलादी मुठी, दोन चंद्रांचे ग्रह, भविष्यातून वाट चुकून आलेले डॉक्टर, काहीही चालायचं. लहानपणी तिला रद्दीतली कॉमिक्स मिळायची आणि त्यांची शेवटची पानं हमखास गळलेली असायची. त्यामुळे शेवट स्वतःच जुळवायची खोड लागली, ती पन्नाशी आली तरी गेली नव्हती.

चार वर्षांपूर्वी तिनं घड्या घालता घालता एका नव्या कॉमिकची अशी काही सालटी काढली, की अंक छापून घ्यायला आलेले एका साप्ताहिकाचे संपादक दारातच थांबले. म्हणाले, "मावशी, हे असंच्या असं लिहून द्याल का?" तेव्हापासून दर आठवड्याला पान सातवर तिचं सदर यायचं. बाकीचे समीक्षक आशय आणि अवकाश असलं काहीतरी लिहायचे. मावशी लिहायची, "हा माणूस ढगांतून उडतो, पण याच्या कपड्यांना वारा लागत नाही. चित्रकारानं एकदा गच्चीवर जाऊन उभं राहावं." लोक अंक हातात आला की आधी पान सात उघडायचे.

तिची वाचायची एक रीत होती. पहिल्यांदा फक्त चित्रं, शब्दांच्या फुग्यांवर अंगठा ठेवून. दुसऱ्यांदा शब्द. तिसऱ्यांदा एखादी बारकीशी वस्तू धरायची, बूट, बटण, काहीही, आणि तिचं बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचं. नवरा नळदुरुस्तीचं काम करायचा. तो म्हणायचा, "गळती शोधायची माझीपण हीच पद्धत." हे त्याला कौतुक म्हणून म्हणायचं असायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना 'उलटा तास' आलं.

एका म्हाताऱ्या चित्रकारानं नऊ वर्षं खपून काढलेलं, शहाण्णव पानांचं कॉमिक. नायक घड्याळदुरुस्ती करणारा. त्याच्या हातात एक धातूचा हातमोजा येतो, मूठ वळली की काळ थांबतो, आणि तो आपल्या कुत्र्याला घेऊन एका मरत्या ग्रहाला वाचवायला निघतो. सगळीकडे नुसता उदो उदो झाला. विशेषतः मधल्या भागाचा. तिथे कुत्रा आधी मरतो आणि मग जिवंत असतो, हातमोजा आधी तारेनं शिवलेला दिसतो आणि मग धड. एकानं लिहिलं, काळाच्या सरळ रेषेला दिलेलं हे धाडसी आव्हान आहे. दुसऱ्यानं लिहिलं, समजण्याच्या पलीकडचं काम. दुसरा निदान खरं बोलला.

मावशीनं तिसऱ्या वाचनाला हातमोजा धरला आणि तिचं घोडं पेंड खायला लागलं. या चित्रकाराची एक शिस्त होती. जिथे काळ मागेपुढे होतो, तिथे तो चौकटीला दुहेरी रेघ मारायचा. पहिल्या पानापासून एकदाही चुकला नव्हता. मग मधल्या बत्तीस पानांत एकेरी रेघ का? म्हणजे काळ उलटलेलाच नाही. पानं उलटलीत. तिनं बोटावर मोजलं. बरोबर सोळा आणि सोळा. तिसरा फर्मा चौथ्याच्या जागी, चौथा तिसऱ्याच्या.

तिनं दम खाल्ला नाही, हीच चूक. लिहून मोकळी झाली, "हे धाडस नव्हे, बाइंडिंगवाल्याचा गाढवपणा आहे. फर्मे उलटे लागलेत. ज्यांना यात थोर कला दिसली त्यांनी कुत्र्याची क्षमा मागावी."

अंक निघाला आणि प्रकाशकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी संपादकांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर 'उलटा तास'ची एक प्रत पडली होती, कव्हर सोलून काढलेली. पाठीवर काळ्या चौकोनांचा जिना होता. पहिल्या पायरीपासून सहाव्यापर्यंत सरळ.

मावशीनं प्रत उचलून चौकोन पुन्हा मोजले. जिना खोटं बोलत नाही, हे तिनं स्वतःच पंचवीस पोरींना शिकवलं होतं.

"प्रकाशकांनी पाठवलीय," संपादक म्हणाले. "त्यांचं म्हणणं, आमच्या बाइंडरची जाहीर माफी मागा. आणि रचना मुद्दाम तशीच आहे म्हणतात."

"चित्रकार म्हणाले तसं?"

"त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. महिना होऊन गेला, पट्टी आहे. त्यांनी पुस्तक पाहिलेलंच नाही अजून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मावशी, माफी छापली तर सदर ठेवता येणार नाही. चुकीचं लिहिणाऱ्याला मी पान कसं देऊ? शुक्रवारी अंक जातो. तोवर काही हाती लागलं तर सांगा."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. बाइंडरवर कशाला घसरलीस? चुकलं कुठं ते तुला माहीत नव्हतं."

"पण चुकलंय."

"पाणी एकीकडून झिरपतं आणि फुटलेलं भलतीकडेच असतं," तो म्हणाला. "जिथनं येतं तिथं जाऊन बघ."

तिला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता. तिनं बाइंडरवर खापर फोडलं, कारण तिला जगातली एकच चूक नीट ठाऊक होती. आणि पान सात गेलं असतं तर तिचं काय उरलं असतं? घड्या. दुसरं काही नाही. त्या विचारानं तिला रडू फुटलं, आणि तिनं ते फुटू दिलं. सकाळी तिनं अर्धी रजा टाकली.

चित्रकार चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. दार त्यांनीच चाचपडत उघडलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा.

"कोण?"

"मी पान सातवर लिहिते. तुमच्या पुस्तकाला गाढवपणा म्हटलं, ती."

"या," ते म्हणाले. "भाचीनं वाचून दाखवलं मला. चहा तुम्हीच करा, मला साखर सापडत नाही."

चहा झाल्यावर ते म्हणाले, "प्रकाशकानं फोनवर सांगितलं, लोकांना रचना फार आवडली. मला कळेना, असं काय केलंय मी रचनेत? म्हटलं, करून गेलो असेन. नऊ वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"काका, मी सांगते तुम्हाला पुस्तक. छापलंय तसं, एकेक चौकट."

आणि तिनं सुरुवात केली. कपाळाला आठी आहे, दिवा डावीकडून आहे, कुत्रा दाराशी बसलाय पण कान उभे आहेत. म्हातारा मान डोलवत होता, मधूनच गालातल्या गालात हसत होता. दोन फर्मे संपले.

"आता पान तेहेतीस," मावशी म्हणाली. "तो खड्डा खणतोय. हातमोजा तारेनं शिवलेला. शेजारी कुत्र्याचा पट्टा—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "हातमोजा शिवलेला? अजून फाटलाच कुठंय? फाटतो चंद्र फुटतो तेव्हा. चंद्र कुठे गेला?"

"सोळा पानं पुढे सरकलाय, काका."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग उठले, भिंतीला हात लावत खोलीतल्या लाकडी कपाटापर्यंत गेले. "खालचा खण. मूळ चित्रं सहा पाकिटांत दिली होती, स्कॅन करून परत आली. पाकिटांवर आकडे नव्हते, त्या वेळी धड दिसत नव्हतं मला. पण प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीनं आकडा आहे. बघा."

मावशी जमिनीवर बसली आणि चित्रं उलटी करत गेली. खड्डा, पाठीमागे एकोणपन्नास. पट्टा, पन्नास. फुटणारा चंद्र, एकेचाळीस. प्रकाशकाच्या कचेरीत दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती. पुढे छापणाऱ्यानं आणि बांधणाऱ्यानं हातात आलं ते इमानदारीनं केलं होतं. म्हणून जिना सरळ होता.

"बाइंडरची माफी मागायलाच हवी मला," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं हसली की म्हाताराही हसू लागला.

"ती उद्या मागा. आधी तेहेतीसपासून वाचा, माझ्या क्रमानं."

ती चित्रं जमिनीवर पसरून वाचत गेली. चंद्र फुटला, हातमोजा फाटला, कुत्रा मालकासाठी आगीत धावला, मग खड्डा, मग पट्टा. त्या ठिकाणी तिचा आवाज गेला. तीन वेळा वाचूनही कुत्रा तिच्यासाठी आजच मेला होता. म्हाताऱ्यानं काळ्या चष्म्याखालून गाल पुसला आणि म्हणाला, "चला, जमलंय म्हणजे."

शेवटचं पान झाल्यावर त्यांनी तिला संपादकांना फोन लावायला सांगितलं. मावशीनं लावला आणि आवाज मोठा केला. चित्रकारांनी पाकिटांचं सांगितलं, पाठीमागच्या आकड्यांचं सांगितलं, प्रकाशकाला पुन्हा छापावं लागेल हेही सांगितलं. पलीकडे संपादक पटापट टिपून घेत असावेत, नुसतं हं हं येत होतं.

"मावशींचं सदर अर्थातच राहील," शेवटी संपादक म्हणाले. "बाइंडरची तेवढी माफी छापू. पण सर, इतक्या मान्यवरांनी पुस्तकाची तारीफ केली होती. या शुक्रवारी त्यांच्याबद्दल काय लिहू?"

"त्यांचं राहू दे," चित्रकार म्हणाले. "एवढंच लिहा, की माझं पुस्तक आतापर्यंत एका बाईनं वाचलंय."