सासूने सांगितलेली तारीख

जवळ ये गं सुषमा, बस इथं. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून रडत बसतेस, अन् फॉर्मवर पाळीची तारीख कोणती लिहिली ते मावशीला सांगत नाहीस. आधी ऐक.

तुमसरला माझं कलेक्शन सेंटर होतं तेव्हाची गोष्ट. रक्त काढायचं, फॉर्म भरायचा, नागपूरच्या लॅबला पाठवायचं. तीळसंक्रांतीच्या तोंडावर सिहोऱ्याची एक सासू आली. रिपोर्ट टेबलावर आपटला.

"मॅडम, पोट्टं मतिमंद हाय म्हणते. पाडून टाकतो."

मागे सून रेखा. पदराने डोळे पुसत.

रिपोर्टवर 'हाय रिस्क' होतं. ही क्वाड्रपल मार्कर टेस्ट. बाळ आणि वार यांच्यामुळे आईच्या रक्तात काही प्रोटीन, हार्मोन येतात. एखादं आठवड्यागणिक वाढतं, एखादं उतरतं. किती आठवडे झाले त्यावर लॅब हिशेब मांडते आणि धोका किती तेवढं सांगते. आजार आहेच, असं ती म्हणत नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण कोणी ऐकेल तर शपथ.

"शेवटची पाळी कधीची?" मी सुनेला विचारलं.

"पोळ्याच्या आंधीची," सासू म्हणाली.

"तुमाले नाही विचारून राहिली, बाई."

"मीच सांगीन ना. थे बाहेर बसते तं चूल मलेच पेटवा लागते. त्याच्यानंतर बसलीच नाही थे."

मी सासूला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मग रेखा हळूच बोलली, "पोळा झाल्यावर महालक्ष्म्यांले माहेरी गेली होती ना मॅडम, सानगडीले. तिथं आली होती."

"मंग रक्त देताना काहून नाही बोलली?"

"त्याच बोलून राहिल्या होत्या ना."

कपाळावर हात मारला मी. म्हणजे रक्त घेतलं तेव्हा फॉर्मवरचे एकोणीस नाही, पंधराच आठवडे. फॉर्मवर सोनोग्राफीचा रकाना कोरा होता. तो कोरा ठेवून, सासूच्या शब्दावर रक्त कोणी पाठवलं? मीच.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली. बाळ रेखाच्याच तारखेच्या मापाचं निघालं. लॅबने तेच आकडे नव्या आठवड्यांवर बसवले. लो रिस्क.

सासू म्हणाली, "लॅबवालेच चुकले." अर्धं खरंच होतं.

रेखाची पोरगी आता त्याच आजीचं बोट धरून अंगणवाडीत जाते. अन् मी तेव्हापासून तारीख विचारली ती जिची तिलाच, दार लावून.

तुझी तारीख बरोबर निघाली, तरी पुढच्या तपासण्या असतात. आत्ताच रडतेस कायले? सोनोग्राफीचा कागद घेऊन उद्या-परवाच परत ये. सासूबाई आल्या तर येऊ दे, त्यांचा चहा ओसरीवर देईन.